इंग्रजी विनोदातील आरमारी खलाशी : भाषा, हुकूम आणि हास्य

१

इंग्रजी रंगभूमीवर वकील त्याच्या झग्यावरून ओळखता येतो आणि पाद्री त्याच्या गळपट्टीवरून. खलाशी मात्र तोंड उघडताच ओळखू येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नाटक, कादंबरी, संगीतिका, चित्रपट आणि नभोवाणी या सर्व माध्यमांतून हे पात्र इंग्रज प्रेक्षकांसमोर येत राहिले. या पावणेतीनशे वर्षांत गलबताची शिडे जाऊन वाफेची यंत्रे आली, लाकडाच्या जागी पोलाद आले. परंतु विनोदाचे साधन जवळजवळ एकच राहिले. ते साधन म्हणजे आरमारी बोली. बदलत गेले ते विनोदाचे लक्ष्य. आरंभी लोक खलाशाच्या बोलीला हसत. पुढे त्याच बोलीच्या आधाराने त्याच्यावर हुकूम चालविणाऱ्यांना हसू लागले. हा पालट कसा घडला, आणि या हास्याने कोणते प्रश्न सोडविले व कोणते झाकून ठेवले, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

या पालटाकडे केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा बदल म्हणून पाहता येत नाही. ज्या राष्ट्राने आपले आरमार दीर्घकाळ सक्तीच्या भरतीवर चालविले, त्याच राष्ट्राने खलाशाला आपल्या करमणुकीतील सर्वांत लाडके पात्र बनविले. सक्ती आणि लाड या दोन गोष्टी एकाच वेळी कशा नांदू शकतात, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

२

विल्यम कॉन्ग्रीव्हचे 'लव्ह फॉर लव्ह' हे नाटक १६९५ साली लंडनमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. त्यातील बेन हा धाकटा मुलगा समुद्रावरून घरी परततो. बापाने ठरविलेल्या लग्नासंबंधी बोलतानाही त्याच्या तोंडी नांगर, वारा आणि बंदर यांचीच भाषा येते. प्रेक्षक हसतात ते त्याच्या मूर्खपणाला नव्हे. तो मूर्ख नाहीच. शहरी समाजात प्रत्येक जण मनातले लपवून बोलत असता हा एकटा मनातले सरळ बोलतो, आणि ज्या शब्दांत बोलतो ते शब्द दिवाणखान्यात कोणाला कळत नाहीत. विनोद जन्माला येतो तो दोन बोलींच्या या टकरीतून.

१७१० साली चार्ल्स शॅडवेलच्या 'द फेअर क्वेकर ऑफ डील' या नाटकाने हीच टक्कर आरमाराच्या आत नेली. त्यात फ्लिप हा डेकवर वाढलेला रांगडा अधिकारी आहे, तर मिझेन हा अत्तर लावणारा नाजूक कप्तान. त्या काळच्या आरमारात या दोन प्रकारच्या अधिकाऱ्यांतील तेढ खरोखरीची होती. एक वर्ग हाताने दोर ओढून वर आलेला, तर दुसरा घराण्याच्या वशिल्याने नेमलेला. नाटककाराने या सामाजिक भेदाला बोलण्याच्या ढंगाचे रूप दिले. कोण कसा बोलतो यावरून तो कोठून आला हे प्रेक्षकाला तात्काळ समजे.

टोबायस स्मॉलेट याने ही बोली प्रत्यक्ष ऐकली होती. १७४१ च्या कार्ताहेना मोहिमेत तो आरमारी जहाजावर शस्त्रवैद्याचा साहाय्यक होता. त्याच्या 'रॉडरिक रँडम' (१७४८) या कादंबरीत नायकाचा मामा लेफ्टनंट टॉम बोलिंग हा उदार, तापट आणि जमिनीवरच्या व्यवहारात अगदी अडाणी असा नाविक आहे. 'पेरेग्रिन पिकल' (१७५१) मधील निवृत्त कमोडोर हॉझर ट्रनियन तर आपले घरच जहाजासारखे चालवितो. तेथे पहारे लागतात आणि खालच्यांना डेकवरच्यासारखे हुकूम सुटतात. लग्नाला निघालेला हा कमोडोर घोडा सरळ रस्त्याने हाकीत नाही. वारा समोरून असल्यामुळे, शिडाचे गलबत जसे तिरके वळवीत न्यावे तसा तो घोडा वळवीत नेतो, आणि चर्चमध्ये वधूला खोळंबून राहावे लागते. आरमाराची भाषा माणसाच्या डोक्यात इतकी भिनते की जमिनीवरही तो तिच्याच नियमांनी वागू लागतो, ही कल्पना स्मॉलेटने इंग्रजी विनोदाला दिली. पुढे दोन शतकांनी ती नभोवाणीवर पुन्हा भेटते.

परंतु स्मॉलेटच्याच कादंबरीत हास्याला लागून एक काळी किनार आहे. रॉडरिक रँडम स्वखुशीने जहाजावर जात नाही. लंडनमध्ये थेम्सच्या काठी भरती-टोळी त्याला मारहाण करून पकडून नेते. डेकच्या खाली आजाऱ्यांची जी दुर्दशा तो पाहतो तिचे वर्णन हसविण्यासाठी केलेले नाही. टॉम बोलिंगवर प्रेम करावयाचे आणि टॉम बोलिंगला जहाजावर आणणाऱ्या व्यवस्थेकडेही पाहावयाचे, हे दोन्ही स्मॉलेटला एकाच पुस्तकात साधले. त्याच्या मागून आलेल्यांना ते तितके साधले नाही.

३

अठराव्या शतकातील ब्रिटिश आरमाराला युद्धकाळात लागणारे मनुष्यबळ केवळ स्वेच्छेने मिळत नसे. किनाऱ्यावरील गावांतून, बंदरांतून, तसेच परत येणाऱ्या व्यापारी जहाजांवरून भरती-टोळ्या समुद्राची सवय असलेली माणसे उचलीत. ही सक्ती कायद्याला मान्य होती. एकदा जहाजावर चढलेल्या माणसाला युद्ध संपेपर्यंत घरी परतण्याची खात्री नसे. पगार १६५० च्या दशकापासून वाढलेला नव्हता, आणि तोही महिनोन् महिने थकत असे. शिस्त फटक्यांच्या बळावर चाले.

याच काळात रंगभूमीवरील खलाशी हास्यास्पद पात्र न राहता राष्ट्रीय पात्र बनला. १७५९ साली डेव्हिड गॅरिकने 'हार्लेक्विन्स इन्व्हेजन' या करमणुकीच्या नाट्यप्रयोगासाठी 'हार्ट ऑफ ओक' हे गीत लिहिले. विल्यम बॉइसने त्याला चाल दिली, आणि ते पुढे आरमाराचे अधिकृत संचलनगीत झाले. सक्तीने पकडलेल्या माणसांच्या आरमाराचे हे गीत त्या माणसांच्या स्वातंत्र्याचा गौरव करते, हा त्यातील विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. गीतातील ओक वृक्षही सर्वस्वी खरा राहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश आरमारासाठी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी युद्धनौका बांधल्या. १८१७ मधील 'ट्रिंकोमाली' आणि १८२१ मधील 'गँजेस' या त्यांपैकीच होत. करमणुकीतील प्रतीक आणि गोदीतील वस्तुस्थिती यांत अंतर पडले तरी प्रतीकाचे काही बिघडले नाही.

या प्रतीकाचा सर्वांत यशस्वी कारागीर चार्ल्स डिब्डिन (१७४५–१८१४) हा होय. तो स्वतः आरमारात नोकरीस नव्हता. एकट्यानेच वाद्य वाजवून, गाऊन आणि मधून मधून बोलून प्रेक्षकांची संध्याकाळ घालविण्याचे प्रयोग तो करीत असे. अशाच 'द ऑडिटीज' या प्रयोगासाठी त्याने १७८९ साली 'टॉम बोलिंग' हे गीत रचले. त्यामागे त्याच्या नाविक भावाच्या मृत्यूचे दुःख होते. नाव मात्र स्मॉलेटच्या पात्राचे होते. कादंबरीतील टॉम बोलिंग तापट आणि विक्षिप्त, तर गीतातील टॉम बोलिंग निष्कलंक. एकाच नावाचा चाळीस वर्षांतील हा प्रवास खलाशाच्या प्रतिमेतील सारा बदल दाखवितो.

१७९७ साली या प्रतिमेला मोठा हादरा बसला. एप्रिलमध्ये स्पिटहेड येथे आणि पाठोपाठ नोर येथे आरमारी खलाशांनी हुकूम मानण्याचे नाकारले. स्पिटहेडच्या खलाशांच्या मागण्या पगार, अन्न आणि क्रूर अधिकाऱ्यांची बदली यांपुरत्या होत्या. त्या बहुतांशी मान्य झाल्या आणि त्यांना माफी मिळाली. नोरचे बंड मोडून काढण्यात आले. त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर आणि इतर अनेक जण फासावर गेले. डिब्डिनच्या गीतांतील समाधानी, राजनिष्ठ जॅक आणि नोर येथील जॅक हे एकाच आरमारातले होते. १८०३ साली सरकारने डिब्डिनला वार्षिक दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. खलाशाचे चित्र युद्धसाहित्याइतकेच मोलाचे आहे, हे सरकारला कळले होते असा त्याचा अर्थ घेतल्यास तो फारसा चुकीचा ठरणार नाही.

दुसऱ्याच वर्षी, १८०४ मध्ये, लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात रंगमंचाच्या जागी पाण्याचा हौद बांधून त्यात लहान जहाजांच्या लढाया दाखविण्यास आरंभ झाला. पहिलाच विषय होता जिब्राल्टरचा वेढा. प्रेक्षकाला आता समुद्र आणि तोफा दोन्ही पाहावयास मिळू लागल्या. भरती-टोळी तेवढी हौदाबाहेर राहिली.

४

युद्धे १८१५ साली संपली आणि सक्तीची भरती व्यवहारातून नाहीशी झाली. त्यानंतरच रंगभूमीला मागे वळून पाहता आले. डग्लस जेरोल्ड हा लहानपणी आरमारात शिकाऊ अधिकारी होता. त्याने लिहिलेले 'ब्लॅक-आइड सूझन' हे नाटक ८ जून १८२९ रोजी लंडनच्या सरी नाट्यगृहात लागले. नायक विल्यमची भूमिका टी. पी. कुक याने केली. तो स्वतः मुलगा असताना आरमारात गेला होता आणि १७९७ मधील केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत हजर होता. नटाच्या अंगातील खलाशीपण आणि त्याचे हॉर्नपाइप नृत्य यांचा नाटकाच्या यशात मोठा वाटा होता. पुढे हे नाटक अनेक पिढ्यांपर्यंत होत राहिले.

कथानक साधे आहे. विल्यम समुद्रावरून परततो. त्याची पत्नी सूझन हिच्यावर एक मद्यधुंद पुरुष हात टाकतो आणि विल्यम त्याला मागून वार करून पाडतो. तो पुरुष त्याचाच कप्तान क्रॉसट्री निघतो. वरिष्ठावर हात उचलणाऱ्यास आरमारी कायद्याने मृत्युदंड आहे, म्हणून कोर्ट मार्शल विल्यमला फाशीची शिक्षा सुनावते. अखेरच्या क्षणी असे उघड होते की हा प्रसंग घडण्यापूर्वीच त्याला नोकरीतून मुक्त केल्याच्या कागदावर सही झाली होती. त्या क्षणी तो खलाशी नव्हता. म्हणून तो गुन्हाही नव्हता.

या शेवटाकडे केवळ रंगभूमीवरील युक्ती म्हणून पाहिल्यास त्यातील विचार निसटतो. विल्यमने केलेली कृती कोणत्याही पतीने केली असती अशीच आहे. ती मृत्युदंडास पात्र ठरते ते केवळ त्याच्या अंगावर आरमारी हुकूम आहे म्हणून. नाटक कायद्याला अन्यायी म्हणत नाही. कोर्ट मार्शलमधील अधिकारी डोळे पुसीतच शिक्षा सुनावतात. परंतु एका तारखेच्या फरकाने माणूस आणि गुन्हेगार यांतील अंतर ठरावे, ही गोष्ट प्रेक्षकांसमोर ठेवली गेली. विल्यमची भाषा बेनसारखीच आहे. पत्नीविषयी बोलतानाही त्याला जहाजाचेच शब्द सुचतात. मात्र आता त्या शब्दांना कोणी हसत नाही. ज्या बोलीने बेन हास्यास्पद ठरला त्याच बोलीने विल्यम श्रद्धेय ठरला. जेरोल्डने १८३० साली भरती-टोळी आणि नोरचे बंड या दोन्ही विषयांवर नाटके लिहिली, यावरून विल्यमच्या खटल्यामागील त्याचा हेतू अधिकच स्पष्ट होतो.

५

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आरमारी नोकरीचे स्वरूप पालटले. १८५३ पासून खलाशांना दीर्घ मुदतीची कायम नोकरी मिळू लागली आणि १८५७ साली त्यांच्यासाठी एकसारखा गणवेश ठरविण्यात आला. शांततेच्या काळात फटक्यांची शिक्षा १८७१ साली तहकूब झाली, युद्धकाळातील १८७९ साली. या दोन तारखांच्या मध्ये, २५ मे १८७८ रोजी, गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची 'एच. एम. एस. पिनाफोर' ही संगीतिका लंडनच्या ऑपेरा कॉमिक नाट्यगृहात आली. तिचे पहिल्याच वेळी ५७१ प्रयोग झाले.

डब्ल्यू. एस. गिल्बर्टचे वडील आरमारात शस्त्रवैद्य होते. डेकचे दृश्य हुबेहूब असावे म्हणून तो स्वतः पोर्टस्मथला गेला आणि नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर त्याने रेखाटने केली. दोर, तोफा आणि गणवेश खरे. कारभार मात्र उलटा. आरमार-खात्याचा प्रमुख मंत्री सर जोसेफ पोर्टर हा कधीही समुद्रावर न गेलेला गृहस्थ आहे. वकिलाच्या कचेरीत खिडक्या पुसण्यापासून चढत चढत तो या पदावर पोहोचला आहे. आदल्याच वर्षी, १८७७ मध्ये, पुस्तकविक्रीच्या प्रसिद्ध पेढीचे मालक डब्ल्यू. एच. स्मिथ खऱ्या आरमार-खात्याचे प्रमुख झाले होते, आणि संगीतिकेमुळे त्यांना 'पिनाफोर स्मिथ' हे टोपणनाव चिकटले.

भाषेच्या दृष्टीने या संगीतिकेतील दोन प्रसंग महत्त्वाचे आहेत. पोर्टरचा आग्रह असा की कप्तानाने खलाशाला हुकूम देताना 'कृपया' या अर्थाचा शब्द जोडलाच पाहिजे. हुकूम आणि विनंती यांतील व्याकरणाचा फरक हाच आरमारी शिस्तीचा कणा. तो मोडला की हुकूम हुकूम राहत नाही. दुसऱ्या प्रसंगी, आपण शिवी देत नाही म्हणून मिरविणाऱ्या कप्तान कॉर्कोरनच्या तोंडून संतापाच्या भरात अपशब्द निघतो आणि मंत्री त्याला खोलीत जाण्याची शिक्षा फर्मावतो. नोरच्या काळी शिक्षा व्हावयाची ती हुकूम मोडणाऱ्या खलाशाला. येथे ती होते शब्द चुकणाऱ्या कप्तानाला. खलाशी रॅल्फ रॅकस्ट्रॉ शुद्ध, आलंकारिक इंग्रजी बोलतो आणि अपशब्द कप्तानाच्या तोंडी येतो. बोलीवरून वर्ग ओळखण्याची जी रीत शॅडवेलपासून चालत आली होती ती गिल्बर्टने उलटी केली. शेवटी दोघांची लहानपणी अदलाबदल झाली होती असे कळते आणि क्षणात खलाशी कप्तान होतो, कप्तान खलाशी. दर्जा जन्माने ठरतो हे तत्त्व अबाधित राहते. पण ते किती हास्यास्पद आहे हेही सर्वांना दिसते.

अर्थात हे हास्य परवडले ते आरमाराच्या सामर्थ्यामुळे. १८७८ साली ब्रिटिश आरमाराला समुद्रावर तुल्यबळ प्रतिस्पर्धी नव्हता. ज्या संस्थेविषयी धास्ती नाही तिच्या प्रमुखाला हसणे हे आत्मविश्वासाचेच लक्षण होय.

हा आत्मविश्वास १९१० साली एका थट्टेने उघडा पाडला. ७ फेब्रुवारीस होरेस द व्हीर कोल आणि त्याच्या मित्रांनी ॲबिसिनियाच्या राजपुत्रांचा वेष घेऊन आरमाराची युद्धनौका 'ड्रेडनॉट' पाहिली आणि तेथे राजेशाही स्वागत घेतले. या मंडळीत पुढे व्हर्जिनिया वुल्फ या नावाने प्रसिद्ध झालेली लेखिकाही होती. तिचा भाऊ एड्रियन स्टीफन दुभाषा झाला होता. त्याने 'ॲबिसिनियन भाषा' म्हणून व्हर्जिलच्या लॅटिन काव्यातील शब्द मोडून तोडून म्हटले. शाळेत लॅटिन शिकलेल्या अधिकाऱ्यांपैकी कोणालाही संशय आला नाही. काळा रंग लावलेल्या तोंडातून जे येईल ते परकेच असणार, असे गृहीत धरले गेले. आरमाराची फजिती झाली म्हणून वृत्तपत्रे हसली. परंतु या थट्टेचे भांडवल असलेले गृहीतक कोणी तपासले नाही. त्याचा संबंध पुढे येईलच.

६

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आरमारी विनोद पुन्हा अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षात शिरला. इअन हे आणि माजी आरमारी अधिकारी स्टीफन किंग-हॉल यांच्या 'द मिडल वॉच' (१९२९) या नाटकात दोन तरुणी रात्री युद्धनौकेवर अडकून पडतात आणि अधिकाऱ्यांची धांदल उडते. त्यावर चित्रपटही निघाले. या प्रकारच्या विनोदात खालच्या डेकवरचा खलाशी केवळ मदतनीस असतो. सप्टेंबर १९३१ मध्ये स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे आरमाराच्या सुमारे बारा हजार खलाशांनी पगारकपातीविरुद्ध कामास नकार दिला. जुन्या श्रेणीतील साध्या खलाशाचा रोजचा पगार चार शिलिंगांवरून तीनवर येणार होता. चालू करमणुकीत या खलाशाच्या घरसंसाराचा मागमूसही नव्हता. हास्य आणि वस्तुस्थिती यांतील जे अंतर १७९७ साली दिसले होते तेच पुन्हा दिसले.

दुसऱ्या महायुद्धाने हे अंतर कमी केले, कारण आता लक्षावधी सामान्य नागरिक गणवेशात होते आणि आरमारी भाषा घरोघर पोहोचली होती. बी. बी. सी. च्या 'मेरी-गो-राउंड' या युद्धकालीन कार्यक्रमात तिन्ही दलांची पाळी येई. आरमाराच्या पाळीत एरिक बार्करने 'एच. एम. एस. वॉटरलॉग्ड' हे चिखलात रुतलेले काल्पनिक ठाणे उभे केले. बार्कर स्वतः आरमाराच्या राखीव दलात होता. या विनोदाचे मूळ एका खऱ्या प्रथेत आहे. ब्रिटिश आरमारात किनाऱ्यावरील शिक्षणसंस्था व ठाणी यांनाही जहाजाची नावे देतात. तेथील जमीन म्हणजे डेक, आणि फाटकाबाहेर पडणे म्हणजे किनाऱ्यावर उतरणे. ट्रनियनचे घर आता सरकारी संस्था झाले होते.

२९ मार्च १९५९ रोजी बी. बी. सी. वर 'द नेव्ही लार्क' ही मालिका सुरू झाली आणि १९७७ पर्यंत चालली. लेखक लॉरी वायमन, जहाज 'एच. एम. एस. ट्राउटब्रिज'. जॉन पर्टवीने सरकारी कोठारातील माल परस्पर विकणारा मुख्य दुय्यम अधिकारी रंगविला, तर लेस्ली फिलिप्सने जहाज कोठे चालले आहे याचा पत्ता नसलेला सब-लेफ्टनंट. पर्टवी युद्धात 'हूड' या युद्धनौकेवर होता. मे १९४१ मध्ये ती बुडण्याच्या थोडेच आधी त्याची बदली झाली होती. या विनोदामागे खरा मृत्यू उभा होता, हे विसरता येत नाही.

फिलिप्सच्या पात्राचा गाजलेला विनोद सुकाणूच्या हुकुमासंबंधी आहे. ठरलेल्या शब्दांऐवजी तो मालमोटार मागे घेणाऱ्याला सांगावे तसे डावा हात थोडा खाली घेण्यास सांगतो. हा विनोद किती खोल आहे ते सुकाणूच्या हुकुमांचा इतिहास पाहिल्यावर कळते. डाव्या बाजूचा जुना 'लार्बोर्ड' हा शब्द 'स्टारबोर्ड' शी ऐकण्यात घोटाळा करी, म्हणून १८४४ साली आरमार-खात्याने तो रद्द करून 'पोर्ट' हा शब्द ठरविला. पुढेही १९३३ पर्यंत ब्रिटिश जहाजांवर 'स्टारबोर्ड' असा हुकूम सुटला की जहाज डावीकडे वळे, कारण हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे. त्या वर्षी हा उलटा अर्थ सुलटा करण्यात आला. समुद्रावर एका शब्दाच्या अर्थावर जहाज टिकते किंवा बुडते. म्हणूनच चुकीच्या शब्दाने सुरळीत चाललेले जहाज, किंवा चुकीच्या शब्दाने धक्क्यावर आदळलेले जहाज, ऐकणाऱ्याला पोट धरून हसविते. येथे लक्ष्य खलाशी नाही, मंत्रीही नाही. खुद्द हुकुमाची भाषाच विनोदाचा विषय झाली आहे.

याच काळात नाविकांच्या भाषेचा आणखी एक प्रवाह नभोवाणीवर आला. व्यापारी जहाजांवरील कामगार, फिरते नट आणि सर्कसवाले यांच्यात प्रचलित असलेली, इटालियन शब्दांचा भरणा असलेली 'पोलारी' ही गुप्त बोली समलिंगी पुरुषांच्या वर्तुळात जिवंत होती. १९६५ ते १९६८ या काळातील 'राउंड द हॉर्न' या कार्यक्रमात ज्युलियन आणि सँडी ही दोन पात्रे ती बोली उघड बोलत. १९६७ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील खाजगी समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. सैन्यदले आणि व्यापारी आरमार यांना मात्र ही सूट लागू नव्हती. देश ज्या शब्दांना हसत होता ते शब्द जेथे घडले होते, त्या डेकवर त्यांच्यामागचे जीवन दंडनीयच राहिले.

७

वरील साऱ्या हास्यात एक नाविक कोठेच नाही. तो म्हणजे लस्कर. रत्नागिरीचे खलाशी, गोव्याचे स्वयंपाकी आणि वाढपी, सिल्हेट व गुजरातचे कामगार हजारोंच्या संख्येने ब्रिटिश व्यापारी जहाजांवर राबत होते. सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली चालणारी त्यांची स्वतंत्र हुकूमभाषा होती. ती इंग्रज अधिकाऱ्यांना शिकावी लागे. म्हणून टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात तिचा कोश प्रसिद्ध केला आणि १८८२ मध्ये तो सुधारून पुन्हा निघाला. हिंदुस्थानी, पोर्तुगीज, अरबी आणि इंग्रजी शब्दांच्या या मिश्रणात विनोदाला लागणारे सारे साहित्य होते. तरीही इंग्रजी विनोदाने ते घेतले नाही. डिकन्सच्या 'एडविन ड्रूड' (१८७०) मध्ये किंवा कॉनन डॉइलच्या 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप' (१८९१) या कथेत लस्कर आढळतो तो अफूच्या अड्ड्यावर, अंधाराचा एक भाग म्हणून. जॅकविषयी प्रेम आणि लस्कराविषयी धास्ती, अशी ही वाटणी आहे. 'ड्रेडनॉट' वरील थट्टेचे गृहीतकही हेच होते.

या वाटणीचे कारण हास्याच्या स्वरूपातच सापडते. इंग्रज समाज जॅकला हसे तेव्हा त्याचे देणे लागत होता. सक्तीने नेलेल्या, उपाशी ठेवलेल्या, फटके खाल्लेल्या माणसाची भरपाई त्या समाजाने गीतांनी आणि टाळ्यांनी केली. भरपाई अपुरी होती, तथापि तीत देणे मान्य केलेले होते. जॅकच्या बोलीला हसण्यापासून त्याच्यावरील हुकूमशाहीला हसण्यापर्यंतचा प्रवास याच मान्यतेमुळे शक्य झाला. लस्कराचे देणे कोणी मान्यच केले नाही. म्हणून त्याला हसण्याचाही प्रश्न आला नाही.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'एच. एम. आय. एस. तलवार' येथे हिंदी नौदलाच्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्याची अपमानकारक भाषा यांविरुद्ध काम बंद केले. थोड्याच दिवसांत हा संप कराचीपर्यंत आणि सुमारे वीस हजार खलाशांपर्यंत पसरला. 'तलवार' हे जहाज नव्हते. ती संदेशवहन शिकविणारी किनाऱ्यावरची संस्था होती, म्हणजे 'वॉटरलॉग्ड' सारखीच जमिनीवरची नौका. 'पिनाफोर' मध्ये अपशब्द उच्चारणारा कप्तान खोलीत धाडला जातो आणि प्रेक्षक हसतात. 'तलवार' वर अपशब्द उच्चारणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धच्या तक्रारींना दाद मिळाली नाही आणि शेवटी तोफा बोलल्या. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : हुकूम देणाऱ्याने माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे.

इंग्रजी विनोदाने हा प्रश्न आपल्या खलाशापुरता पावणेतीनशे वर्षे धीटपणे आणि अनेकदा प्रेमाने हाताळला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु एखाद्या राष्ट्राच्या हास्याचा इतिहास लिहिताना त्यात कोण आहे याबरोबरच कोण नाही याचीही नोंद करावी लागते. ट्राउटब्रिजच्या डेकवर ज्यांना जागा मिळाली नाही ते सारंग आणि तांडेल त्या इतिहासाचेच भाग आहेत, आणि रोबकच्या कोशात नोंदलेली त्यांची भाषा अभ्यासकाची वाट पाहत आहे.